घागर आणि बगीचा

शेंदूरजनाघाटाचे नाव काढले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे संत्र्याचे झाड उभे राहते. अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी हे गाव वसले आहे. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेली येथली संत्र्याची कलमे पार मध्यप्रदेश, राजस्थानापर्यंत जातात. गावाला आज नगरपरिषद आहे; पण भोवतालचा सारा मुलूख खेड्यांचाच. आणि गाव असो की खेडे, घरातली घागर आणि शेतातला बगीचा ही दोन्ही भरतात ती जमिनीच्या एकाच पोटातून. या मुलखातल्या पाण्याची सारी गोष्ट या एका वाक्यात आहे.

वाचकहो, प्रथम थोडा हिशेब करू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. समजा, एखाद्या गावाचे शिवार १,००० हेक्टरांचे आहे आणि वर्षाचा पाऊस ८०० मिलिमीटर आहे. त्या शिवारावर आकाश ८०० कोटी लिटर पाणी ओतून जाते. आता गावची वस्ती २,००० धरा. जलजीवन मिशनने माणशी रोजचे ५५ लिटर पाणी ठरवले आहे. त्या मापाने साऱ्या गावाला वर्षभर लागते सुमारे चार कोटी लिटर. म्हणजे पडलेल्या पावसाच्या दोनशेव्या हिश्शाइतके! तरीही वैशाख आला की टँकरची वाट पाहावी लागते, ती का?

झाडाची तहान

याचे एक उत्तर बगीच्यात सापडते. पूर्ण वाढलेल्या संत्र्याच्या झाडाला ऐन उन्हाळ्यात रोजचे शंभर लिटरच्या घरात पाणी लागते. सहा मीटरवर एक या अंतराने एकरी सुमारे ११० झाडे बसतात. म्हणजे एक एकर बगीचा मे महिन्यात दोनशे माणसांचे पाणी पितो. त्यातही बहाराची भानगड आहे. मृग बहार धरणारा शेतकरी उन्हाळ्यात झाडाला ताण देतो आणि पावसाबरोबर ते फुलवतो. आंबिया बहार मात्र थंडी सरताना फुलतो आणि त्याची फळे सारा उन्हाळा झाडावर असतात. गावच्या विहिरीचा तळ दिसू लागतो, नेमके तेव्हाच आंबियाला पाणी हवे असते.

यात शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. सहा-सात वर्षे पोटच्या पोरासारखे वाढवलेले झाड डोळ्यांदेखत वाळताना कोण पाहील? म्हणून तो बोअर खणतो. शेजाऱ्याचा बोअर खोल गेला की आपला आटतो, मग आपण त्याहून खोल जायचे. या पाठशिवणीत वरूड तालुक्यातले बोअर शेकडो फूट खाली गेले आणि भूजलाच्या सरकारी मोजणीत तालुका अतिशोषित ठरला. इतके करूनही २०१९ च्या उन्हाळ्यात वरूड-मोर्शी भागात संत्र्याचे बगीचे वाळायचे ते वाळलेच. खोल खणून कोणी जिंकले नाही.

वर्गणी आधी, नळ मागून

गावात नळ आणायचा तर पूर्वी सरकार योजना आखी, सरकारच खोदकाम करी आणि पाइपही टाकी. गावकऱ्यांच्या वाट्याला उद्घाटनाचे हार तेवढे येत. पुढे मोटार जळाली की गाव म्हणे, ‘सरकारची मोटार, सरकारने पाहावे.’ सरकार म्हणे, ‘योजना ग्रामपंचायतीच्या स्वाधीन केली आहे.’ तोवर बायाबापड्या पुन्हा विहिरीवर.

हे पाहून महाराष्ट्र शासनाने २००० साली धोरण बदलले. गावाने आधी मागणी करावी, खर्चाचा दहावा हिस्सा लोकवर्गणीने उभारावा आणि देखभालीचा सारा भार उचलावा, असे ठरले. २००३ साली जागतिक बँकेच्या साह्याने सुरू झालेल्या जलस्वराज्य प्रकल्पाने हीच रीत पुढे नेली. २०१९ च्या जलजीवन मिशननेही गावाचा वाटा कायम ठेवला. तो सर्वसाधारण गावाला दहा टक्के आणि डोंगरी, वनव्याप्त वा आदिवासी गावाला पाच टक्के. पाणी समितीत निम्म्या जागा बायकांच्या, असाही दंडक घातला.

दहा टक्क्यांनी सरकारची तिजोरी भरत नाही, हे उघड आहे. त्या वर्गणीचे मोल निराळेच आहे. ज्याने घरातून चार रुपये काढून दिले, तो ग्रामसभेत उभा राहून विचारतो, ‘पाइप अमुक इंची ठरला होता, हा बारीक का?’ आणि समितीतल्या बाईला, जिने डोक्यावरून पाणी वाहिले आहे, कोणत्या गल्लीत नळाला धार येत नाही हे कागद न पाहता सांगता येते. मात्र समितीतली नावे सहीपुरती असली आणि सही घ्यायला पतिराजच आले, तर वर्गणीही फुकट गेली म्हणून समजावे.

झाडूचा वारसा

पाण्याबरोबर स्वच्छता येते, आणि स्वच्छतेचा धडा अमरावती जिल्ह्याला बाहेरून शिकावा लागला नाही. १८७६ साली शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरत ते हातात झाडू घेऊनच. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात माणसांची मने झाडायची, हा त्यांचा क्रम १९५६ साली देह ठेवीपर्यंत चालला. याच जिल्ह्यातल्या यावलीचे तुकडोजी महाराज यांनीही ‘ग्रामगीते’त गावाची सफाई हा गावाच्या उन्नतीचाच भाग मानला.

२००० साली ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, त्याला नाव दिले ते गाडगेबाबांचेच. गावागावांत चुरस लागली. पहाटे गोदरीच्या वाटेवर ‘गुड मॉर्निंग पथके’ उभी राहू लागली. लोटा घेऊन निघालेल्याची फजिती व्हायची, आणि गाव हसायचे! पण लाज वाटून बांधलेला संडास बरेचदा सरपण ठेवण्याची खोली होतो. दोन खड्ड्यांचा संडास तसा स्वस्त आणि गुणी. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा. पहिल्यातल्या मैल्याचे दीड-दोन वर्षांत खत होते. पाणीही लागते दोन-तीन लिटर. पण ते दोन लिटरदेखील अर्ध्या मैलावरून आणायचे असतील, तर सून सासूला विचारणारच, ‘हे पाणी स्वयंपाकाला ठेवू की संडासाला?’ म्हणून पाणी आणि संडास या दोन योजना नव्हेत. ती एकाच गाडीची दोन चाके आहेत. आणि खड्डा विहिरीला खेटून खणला, तर तीच गाडी आजाराच्या गावाला जाते.

श्रमदान सोपे, संयम अवघड

एकत्र येण्याची ताकद वरूड तालुक्याने पाहिली आहे. २०१६ साली पानी फाउंडेशनने पहिली वॉटर कप स्पर्धा घेतली, तेव्हा राज्यातले तीनच तालुके निवडले होते: साताऱ्याचे कोरेगाव, बीडचे अंबाजोगाई आणि अमरावतीचे वरूड. ऐन उन्हाळ्यात, अंगाची लाही होत असताना, माणसे टिकाव-फावडी घेऊन माळावर गेली. बायका गेल्या, पोरे गेली. समतल चर खणले, बांध घातले. पावसाचे धावते पाणी चालू लागावे, चालते पाणी थांबावे आणि थांबलेले जमिनीत मुरावे, एवढेच या कामांमागचे साधे शास्त्र.

पण मुरलेल्या पाण्याचे पुढे काय? गावाने मिळून मुरवलेले पाणी ज्याचा पंप मोठा त्यानेच उपसले, तर श्रमदान करणाऱ्या भूमिहीनाच्या पदरी हातावरचे फोड तेवढे राहतात. खरा प्रश्न इथे आहे, आणि त्याची उत्तरे महाराष्ट्रानेच शोधली आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावी पाणी पंचायतीचा पाया घातला. तेथे पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, तर घरातल्या माणसांच्या मोजणीने वाटले. माणशी अर्धा एकर आणि घरटी फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा आणि उसाला बंदी. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजाराने पोपटराव पवार यांच्या पुढारपणाखाली शेतीसाठी बोअर खणणे बंद केले. तेथे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरवते. पहिला मान माणसाच्या व गुरांच्या पिण्याचा.

कायदा आहे का? आहे. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातला. २००९ च्या कायद्याने शेती व कारखान्यासाठी ६० मीटर वा त्याहून खोल विहिरीला मनाई केली. पण रात्री शिवारात बोअरची गाडी घरघरते, तिला कायद्याचे पुस्तक अडवू शकत नाही. तिला अडवतो तो शेजारी, आणि तोही कधी, तर ग्रामसभेत त्याने स्वतः तसा शब्द दिला असेल तेव्हा.

तेव्हा लोकसहभाग म्हणजे केवळ वर्गणी नव्हे, केवळ टोपले-फावडेही नव्हे. माझ्या शेतात, माझ्या पैशाने मी खणलेल्या बोअरचे पाणी एकट्या माझे नाही, हे मान्य करणे हा सहभागाचा कठीण भाग. ठिबकवर एक एकर कमी लावावा, गावाचा उद्भव आटू लागला तर आंबियाऐवजी मृग धरावा, पाणीपट्टी वेळेवर भरावी आणि ताळेबंद देवळाच्या भिंतीवर सर्वांना वाचता येईल असा लिहावा, इतक्या साध्या गोष्टींपासून आरंभ करता येईल.

संत्रा हे या मुलखाचे वैभव आहे आणि ते टिकलेच पाहिजे. पण घागर रिकामी ठेवून बगीचा फार दिवस हिरवा राहत नाही. कारण घागरीचा तळ दिसला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बोअरचाही तळ दिसतो. यंदाच्या लक्ष्मीपूजनाला चोपड्या पुजताना आणखी एक वही पुजावी. त्या वहीत गावाच्या पाण्याचा जमाखर्च असावा, आणि ती एका घरी नव्हे, साऱ्या गावाने मिळून लिहावी.