कापसाचा तंतू आणि कोशिकेचे बाह्यक

शिंदखेडा तालुक्यात वेचणीस आलेल्या बोंडातील प्रत्येक तंतू ही वस्तुतः सरकीच्या त्वचेवरील एकच कोशिका होय. पंधरा-वीस मायक्रॉन जाडीची ही कोशिका अडीच-तीन सेंटिमीटर लांब वाढते, परंतु फुगत नाही. असे का व्हावे, याचे उत्तर तिच्या बाह्यकात सापडते. (मुळाच्या मध्यत्वचेशी या संज्ञेची गल्लत करू नये.)

कोशिकापटलाला आतून लागून असलेला जीवद्रव्याचा पातळ थर म्हणजे बाह्यक. प्राणिकोशिकेत तो मुख्यतः ॲक्टिनच्या जाळ्याचा असून मायोसिनाच्या योगे आकुंचन पावतो. वनस्पतींत सूक्ष्मनलिकांचे कार्य विशेष महत्त्वाचे. सुमारे २५ नॅनोमीटर व्यासाच्या या नलिका लेडबेटर व पोर्टर यांनी १९६३ मध्ये दाखविल्या. पॉल ग्रीन यांनी कॉल्चिसिनाच्या परिणामावरून अशा रचनेचे अनुमान आदल्याच वर्षी केले होते. तर्कशक्तीचा इतका सुंदर नमुना आपल्या क्रमिक पुस्तकांत क्वचितच आढळतो. सेल्युलोज घडविणारी संकुले या नलिकांच्या अनुरोधाने सरकतात, हे २००६ साली अरॅबिडॉप्सिसच्या जिवंत कोशिकेत प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

तंतू लांबत असता नलिका बहुतांशी आडव्या असतात. त्यामुळे सेल्युलोजचे वेढेही आडवे पडतात आणि आतील रसाच्या दाबाने कोशिका लांबीकडेच वाढते. फूल उमलल्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी नलिका तिरप्या वळतात, भित्ती जाड होऊ लागते व तंतूस बळकटी येते. दिशा बाह्यकाची असली तरी जोर पाण्याचाच असतो. त्या दिवसांत पावसाने ओढ दिली, तर तंतू आखूड राहतो व त्याची प्रत उतरते.