बॅरेज की बॅरेक

पहाटे ५.४०, अंबरनाथ पूर्व

फोटो उद्या आहेत, आज फक्त तयारी. तरी देवापुढे दिवा लावताना आईने सांगून टाकलं की मुलीचं आज काहीतरी आहे. काय आहे ते तिला नीट सांगता येत नाही. 'प्री-वेडिंग' म्हणावं तर लग्नाला अजून वर्ष आहे, साखरपुडाच तीन आठवड्यांवर आलाय. 'साखरपुड्याच्या आधीचे फोटो' असं ती शेजारच्या काकूंना सांगते आणि काकू विचारतात, "म्हणजे अजून पाहायचाच कार्यक्रम चाललाय?"

आईच्या साखरपुड्याचा एकच फोटो घरात आहे. सतरंजीवर सात बायका, मधोमध आई, ओटीत नारळ, आणि मावशीने नेमके डोळे मिटलेले. बाबा त्यात नाहीतच. ते त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होते. सासरची माणसं आली, कुंकू लावलं, साडी दिली, साखरेचा पुडा हातात ठेवला, ठरलं. नवऱ्यामुलावाचून कुणाचं अडलं नाही. हे मी माझ्या होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आमच्यात मिश्री असते." बोलणी झाली की कच्ची मिश्री, अंगठ्या घातल्या की पक्की मिश्री. त्यांची खडीसाखर, आमची साधी. मराठी घर आणि सिंधी घर यांचं पहिलं एकमत गोडावर झालं. बाकीच्या मुद्द्यांवर अजून बैठका चालू आहेत.

सकाळी ७.००, शिवमंदिर

तो उल्हासनगरहून लोकलने आला, मधे एकही स्टेशन नाही. उद्याची एक जागा म्हणून मीच देऊळ सुचवलं होतं, आणि फोटोग्राफरने बजावलं होतं की ज्या वेळी शूट करायचंय त्याच वेळी जाऊन उजेड बघून या. जानेवारीत आमच्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास वर येतो. आम्ही आधीच जाऊन उभे राहिलो.

या देवळात मी महाशिवरात्रीच्या रांगेत चप्पल हातात धरून वाढले आहे. शिलाहारांचं देऊळ, शिलालेखातलं शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६०, हे शाळेच्या सहलीपासून पाठ. पण त्याचं तोंड पश्चिमेला आहे याचा अर्थ आज कळला. सूर्य पाठीमागून वर आला आणि पुढची सगळी बाजू, खांब, कोनाडे, नक्षी, एकसलग काळी होऊन बसली. काळा दगड उजेड पितो, त्यात उजेडही पाठीमागून. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला तर शर्ट आला, चेहरा आला नाही. संध्याकाळी हीच बाजू उजळून निघते, पण संध्याकाळी आरतीची गर्दी.

शिवाय देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. मोबाइलवर दोन फोटो काढायला कुणी हरकत घेत नाही. स्टँड, लाइट, छत्र्या घेऊन व्यावसायिक शूट करायचं तर आधी परवानगी हवी, आणि ती शनिवारी सकाळी मागून रविवारी मिळत नाही. खरं सांगायचं तर परवानगी असती तरी माझं मन झालं नसतं. बाया तांब्यातून पाणी घेऊन पायऱ्या उतरून गाभाऱ्यात चालल्यात, आणि दारात मी गाऊनचा घोळ सावरत त्याच्या खांद्यावर मान टाकून उभी. नकोच.

देवळाला वळसा घालताना बाहेरच्या भिंतीवरची ती मूर्ती पाहिली. तीन मुखांचा पुरुष आणि त्याच्या मांडीवर बसलेली स्त्री. महादेव-पार्वती मानतात. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "ही पोझ फोटोग्राफरच्या लिस्टमध्ये आहे. नंबर चौदा."

देऊळ यादीतून गेलं. मागून वालधुनी वाहते, तिच्या काठाचा तर प्रश्नच नव्हता. ती उगमाकडे नदी असेल, आमच्यापर्यंत येता येता तिचा रंग कारखान्यांनी ठरवलेला असतो.

सकाळी ९.२०, कॅम्प २

त्याच्या घरी दाल-पकवान. पकवान मोडताना आवाज झालाच पाहिजे, नाहीतर ते शिळं, असं त्याची आई म्हणते. तिला मी अजून 'आंटी' म्हणते. मम्मी म्हणायचं की आई, हे साखरपुड्यापर्यंत ठरवायचं आहे. ती मला 'बेटा' म्हणते, म्हणजे तिच्या बाजूने प्रश्न सुटलेला आहे.

या घराच्या पत्त्यात बॅरेक नंबर आहे. दुसऱ्या महायुद्धात हा सगळा भाग कल्याणचा मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना त्या लष्करी बराकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि कॅम्पचं उल्हासनगर झालं. नाव बदललं तरी एक ते पाच कॅम्प आणि बॅरेकचे नंबर लोकांच्या तोंडून गेले नाहीत. त्याच्या घरात जुन्या बॅरेकमधली एक जाड भिंत उरली आहे, वर दोन मजले चढलेत. भिंतीवरचा नंबर दर दिवाळीला नव्याने रंगवतात.

त्याची दादी त्या भिंतीपाशी खुर्ची टाकून बसते. सहा वर्षांची असताना कराचीहून बोटीने आली. आम्ही फोटोंचं सांगू लागलो तेव्हा मला वाटलं, आता उपदेश येणार. दादी म्हणाली, भाड्याचे कपडे घालून फोटो? त्यात नवीन काय? आणि सुनेला हाक मारून कपाटातला डबा मागवला.

फोटो माथेरानचा. कडा पिवळ्या पडलेल्या. आजोबा घोड्यावर, डोक्यावर घोडेवाल्याची हॅट. दादी खाली, लगाम धरून. "पैसे एकाच घोड्याचे दिले होते," ती हिंदीत म्हणाली. "फोटोवाला बोलला, भाभीजी, आप पकड़ के खड़े रहो." मग जरा थांबून, "पचपन साल हो गए." वर्षं मोजत होती की राग, कळलं नाही.

सकाळी ११.१०, गजानन मार्केट

इथे दोन माणसं शेजारीशेजारी चालू शकत नाहीत, त्यामुळे जोडप्याने खरेदीला येण्यात अर्थ नसतो. एक पुढे, एक मागे. पुढच्याने "हा बघ" म्हणून वळून पाहावं तर मागे तिसरंच कोणी. दुकानाच्या तोंडाशी पाय दुमडून बसलेले काका, त्यांच्यामागे छतापर्यंत गठ्ठे, आणि एक पोरगा माकडासारखा शिडीवर.

फोटोग्राफरने पाठवलेल्या सूचना मी कागदावर उतरवून आणल्या होत्या. बारीक रेघा आणि बारीक चौकटी नकोत, कॅमेऱ्यात त्या थरथरतात आणि कापडावर इंद्रधनुष्यासारख्या लाटा दिसतात. निऑन रंग नको, त्याची झाक हनुवटीखाली येते. टिकल्यांचं काम उन्हात नको, प्रत्येक टिकली पांढरा ठिपका होते. दोघांचे कपडे एकाच रंगाचे नकोत, एकमेकांना साजेसे हवेत. हे शेवटचं वाक्य मी काकांना वाचून दाखवलं.

"अदी," ते म्हणाले, "साजेसं म्हणजे ज्यात भांडण होत नाही ते." आणि हिरव्या रंगाचे अकरा गठ्ठे उलगडले.

त्याला बाटलीहिरवा हवा होता, मला मोरपंखी. कापड घेऊन मी गल्लीच्या टोकाला उजेडात गेले, कारण ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखेच दिसत होते. बाहेर बाटलीहिरवा काळपट पडला. यादीतल्या नदीकाठच्या झाडीत मी त्यात हरवले असते. मोरपंखीवर शिक्का बसला. काकांनी अस्तराचं कापड स्वतःहून दाखवलं, भाव केला नाही, आणि गाऊन विकत घ्यायची गरज नाही, ओळखीत भाड्याने मिळतो, असंही सांगितलं. स्वतःचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला. त्याने कानात सांगितलं, "ते दुकान त्यांच्या साडूचं आहे."

मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद त्याने आजवर मला किमान चाळीस वेळा ऐकवला आहे. आज खड्याच्या नथीच्या दुकानात मीच तो सांगितला. दुकानदार हसला नाही. म्हणाला, खरा माल असता तर तुम्ही पाण्यात उतरून फोटो काढले असते का? मुद्दा बिनतोड होता. नथ घेतली, चापाची, नाक न टोचता बसते.

दुपारी १.३०, फोटोग्राफरकडे

कॅम्प ४ चा मुलगा, आमच्याहून दोन वर्षांनी लहान, पण बोलण्यात डॉक्टर. त्याच्या मोबाइलमध्ये छत्तीस पोझेस. मी सगळ्या पाहिल्या. छत्तीसपैकी एकतीसमध्ये मुलगा उभा आहे आणि मुलगी टेकलेली, लोंबकळलेली किंवा उचललेली. उरलेल्या पाचांत दोघे पाठमोरे.

मी विचारलं, "मी सरळ उभी आणि हा टेकलेला, असा नाही का?"

"ताई, तसा चालत नाही."

"कोणाला?"

तो खरोखर विचारात पडला. मग म्हणाला, काढून बघू.

ड्रोनचं त्याने स्वतःच बाद केलं. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, त्या बाजूला ड्रोन वर न्यायचा विचारही करायचा नाही. बदलापूरचं कोंडेश्वर पावसाळ्यात सुंदर, पण तिथल्या कुंडात माणसं बुडालेली आहेत, आणि जानेवारीत धबधबा नसतोच. राहिलं बॅरेज. बदलापूरला उल्हास नदीवर जीवन प्राधिकरणाचा बंधारा आहे, आमच्या नळाचं पाणी तिथून येतं. बंधाऱ्यावर जायचं नाही, त्याच्या बरंच वरच्या अंगाला काठ मोकळा आहे, सकाळी पाण्यावर वाफ असते, आणि सूर्य समोरून येतो. सकाळी साडेसहाला पोचायचं. पातळ ढग असले तर उत्तम, डोळे बारीक होत नाहीत, नाकाखाली सावली पडत नाही. कडक ऊन आलं की साडेनऊला गुंडाळायचं.

ठरलं. त्याने तिथल्या तिथे सगळ्यांना मेसेज टाकला. दोन मिनिटांत मेकअपवाल्या ताईचं उत्तर: "बॅरेक नंबर किती?"

मोबाइलने 'बॅरेज'चं 'बॅरेक' करून पाठवलं होतं. इथल्या मोबाइललाही सवय लागली असावी.

दुपारी ३.४५

टेलर मास्तर. ब्लाउजचे हूक, पिको-फॉल, गळा अर्धा इंच वर. उद्या देतो म्हणाले. आज, म्हटलं. सहाला या म्हणाले.

दुपारी ४.२०, गच्ची

भांडण इथे झालं. त्याला पोझ नंबर नऊ हवी होती, मुलीला उचलून गोल फिरवायची. सराव करू म्हणाला. पाण्याच्या टाकीजवळ त्याने मला उचललं, अर्धा फेरा झाला आणि त्याच्या कंबरेत कळ आली. मी खाली, तो टाकीला धरून. समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईने हातातला पापड तसाच धरून ठेवला होता.

मी हसले, तिथेच चुकले. तो म्हणाला, तुला प्रत्येक गोष्टीत नाही म्हणायचं असतं. देवळाला नाही, बाटलीहिरव्याला नाही, उचलायला नाही. मी म्हणाले, उचलायला मी हो म्हटलं होतं, तुझी कंबर नाही म्हणाली. मग दहा मिनिटं कोणी बोललं नाही. खाली कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. चौथ्या शिट्टीला तो म्हणाला, "मला भीती वाटते की आपण दोघं नुसते शेजारी उभे राहिलो तर पासपोर्टसारखं दिसेल." हे त्याने सकाळीच सांगितलं असतं तर दिवस हलका गेला असता.

संध्याकाळी ६.३०, गोल मैदान

ब्लाउज घेतला. मग मैदानाला फेऱ्या मारणाऱ्या काका-काकूंच्या ओळीत शिरून चालायचा सराव केला. फोटोग्राफरची सूचना होती: कॅमेऱ्याकडे न बघता, बोलत, सावकाश चाला. सावकाश चाललो की मागचे काका खाकरतात. बोलायला विषय हवा म्हणून हॉलवाल्याच्या ॲडव्हान्सबद्दल बोललो. तीन फेऱ्या झाल्या तेव्हा लक्षात आलं की हॉलच्या हिशेबात आम्ही पासपोर्टसारखे अजिबात दिसत नव्हतो. तो हातवारे करत होता, मी बोटं मोजत होते.

"उद्या हाच विषय," तो म्हणाला.

रात्री ८.१०

निघताना दादीने बोलावलं. मेकअपवालीच्या मेसेजची गोष्ट नातवाने तिला सांगितली होती. ती हसली नाही, तिने ती गंभीरपणे घेतली. नदीवरून आलात की दहाच्या सुमारास इकडे या म्हणाली. नंबराखाली ऊन अकरापर्यंत असतं, मी रोज बसते, मला माहीत आहे. फोटोग्राफरने पातळ ढग, समोरचा सूर्य वगैरे जे सांगितलं होतं, ते तिने साठ वर्षं खुर्ची सरकवत शिकलेलं होतं.

"तुम्हीही या ना फोटोत," मी म्हणाले.

"आऊँगी. लेकिन इस बार मैं बैठूँगी."

रात्री १०.३०, अंबरनाथ पूर्व

पिशवी भरली. सेफ्टी पिना दोन पाकिटं, टाचणी, पावडर, जुना टॉवेल, साधी चप्पल, पाण्याची बाटली, खाकरा. ओढणीला इस्त्री करून ती घडी न घालता हँगरवर टांगली, घडीची रेघ फोटोत येते म्हणून. आईने तिच्या साखरपुड्यातली हिरवी काकणं काढून ठेवली होती. उरलेली तीनच. रंग मोरपंखीला साजेल का, मी विचारलं नाही.

मेकअपवाल्या ताईला मेसेज लिहिला. सकाळी पाच वाजता माझ्या घरी, मग बदलापूरला बॅरेज. ज चा ज आहे ना, पुन्हा तपासलं. दहा वाजता कॅम्प २, बॅरेक, आणि पुढे नंबर. खाली एक ओळ वाढवली: तीन माणसांचा मेकअप आहे, तिसऱ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या, पावडर कमी लावा, त्यांना खोकला आहे.

तिचं उत्तर लगेच आलं: "त्यांच्यासाठी खुर्ची मी आणू की आहे?"

आहे, म्हणून कळवलं आणि पावणेचारचा अलार्म लावला.