गांजाच्या झाडाला फुलोरा आल्यावर पाने काढावीत का? कॅनडा-जर्मनीतला हा वाद नेमका काय आहे?

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला स्वतःच्या वापरासाठी घरात गांजाची तीन झाडे लावता येतात. कॅनडात ही मुभा १७ ऑक्टोबर २०१८ पासून आहे, एका घरात चार झाडे. (क्युबेक प्रांताने मात्र घरगुती लागवडीवर बंदी ठेवली आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.) कायद्याचा प्रश्न सुटल्यावर या देशांत बागकामाचे प्रश्न सुरू झाले. त्यातला सर्वांत जास्त वादाचा प्रश्न म्हणजे फुलोरा आलेल्या झाडाची मोठी पाने खुडायची की ठेवायची?

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण ज्याच्याकडे मोजून तीन झाडे आहेत, त्याची तीन-चार महिन्यांची मेहनत एका दुपारच्या कात्रीने वाया जाऊ शकते. औषध म्हणून गांजा वापरणाऱ्यांसाठी तर बुरशी लागलेले फूल हा थेट आरोग्याचा प्रश्न असतो.

पाने काढायची कल्पना आली कुठून?

बंद खोलीत लागवड करताना दिवा झाडाच्या वर टांगलेला असतो. रोजचा उजेड १२ तासांवर आणला की झाडाला दिवस लहान झाल्याचा संकेत मिळतो आणि ते फुलोऱ्यावर येते. पुढचे दोन-तीन आठवडे ते झपाट्याने उंच होते आणि वरची पंजाच्या आकाराची पाने छत्रीसारखी पसरतात. खाली अंधार. खालच्या फांद्यांवरची फुले बारीक आणि विरळ राहतात. मग साहजिकच वाटते, छत्री काढली तर उजेड खाली पोहोचेल.

या विचाराचे सर्वांत टोकाचे रूप अमेरिकेतल्या कोलोरॅडोत दिसले. तिथले व्यावसायिक उत्पादक जोशुआ हॉप्ट यांनी ‘थ्री ए लाइट’ या पुस्तकात फुलोऱ्याच्या सुरुवातीला आणि पुन्हा साधारण तीन आठवड्यांनी झाडाची बहुतेक मोठी पाने उतरवण्याची पद्धत मांडली. पुस्तकाच्या नावातच दावा आहे, एका दिव्याखाली तीन पौंड, म्हणजे सुमारे १.३६ किलो उत्पादन. या पद्धतीला ‘श्वाझ’ म्हणतात. तिचा इतका गाजावाजा झाला, की २०२० मध्ये कोलोरॅडोतल्या एका गांजा कंपनीने स्वतःचे नाव बदलून ‘श्वाझ’ ठेवले! पाने खुडण्याच्या पद्धतीवरून कंपनीचे नाव पडल्याचे दुसरे उदाहरण सापडणे अवघड आहे.

अशा खोल्यांत दिवे, खत, तापमान, कार्बन डायऑक्साइड असे सगळेच काटेकोर असते. त्यामुळे उत्पादन पाने काढल्याने वाढले की बाकीच्या व्यवस्थेमुळे, हे त्यावरून ठरत नाही.

पान नेमके काय करते?

झाडाचे अन्न पानात तयार होते. पूर्ण वाढलेले पान साखर बनवते आणि ती फांदीतून फुलाकडे जाते. फूल हिरवे असल्याने तेही थोडे अन्न बनवते, पण त्याची खरी भिस्त पानांवरच असते. म्हणजे उजेड फुलावर पडला नाही तरी चालते, तो पानावर पडला पाहिजे. फुलाला ऊन मिळावे म्हणून त्याच्याच शेजारचे निरोगी पान तोडणे म्हणजे जेवणाऱ्याला जागा व्हावी म्हणून स्वयंपाकघर पाडणे.

आणखी एक समज सर्रास आढळतो, की सावलीतली पाने झाडाचे अन्न ‘खातात’. कोवळे पान वाढताना इतरांकडून साखर घेते, हे खरे. पण एकदा पूर्ण वाढलेले पान सहसा उलटी मागणी करत नाही. उजेड मिळेनासा झाला की ते हळूहळू पिवळे पडते, आणि तसे होताना त्यातले नायट्रोजन झाड काढून घेऊन नव्या भागाकडे पाठवते. हिरवे पान खुडले की ही शिल्लकही जाते.

वेळ तर फारच महत्त्वाची. वाढीच्या काळात तोडलेल्या पानाच्या जागी नवी पाने येतात. फुलोऱ्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर झाडाची उंची थांबते, नवी मोठी पाने जवळपास येतच नाहीत. त्यानंतर गेलेले पान गेलेच.

संशोधन काय सांगते?

अनेक दशकांच्या बंदीमुळे गांजाच्या शेतीवर नीट प्रयोग फार उशिरा सुरू झाले. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात दिव्याची तीव्रता वाढवत नेली तसे फुलांचे उत्पादन वाढत गेले, पण फुलातले टीएचसीचे प्रमाण त्यामुळे बदलले नाही. म्हणजे जास्त उजेडाने फूल ‘कडक’ होते, या समजाला आधार मिळाला नाही.

त्याच वर्षी इस्रायलच्या व्होल्कानी संस्थेतील निरित बर्नस्टीन यांच्या गटाने झाडाचा आकार बदलण्याच्या वेगवेगळ्या पद्धती तपासल्या. त्यात पाने काढणे आणि खालच्या फांद्या छाटणे हेही होते. मुख्य फायदा दिसला तो एकसारखेपणाचा. वरच्या आणि खालच्या फुलांमधल्या रसायनांच्या प्रमाणातला फरक अशा उपायांनी कमी करता येतो. औषध कंपनीला हे हवेच असते, प्रत्येक फुलात सारखा डोस. घरी तीन झाडे लावणाऱ्याला त्याचे महत्त्व कितपत, हा वेगळा मुद्दा.

मग पाने काढूच नयेत का?

काढावीत, पण कारण उजेड नव्हे, हवा. प्रत्येक पान पाणी बाहेर सोडते. दाट झाडात, बंद खोलीत, दिवे विझल्यावर ही वाफ फुलांच्या आत अडकते आणि बोट्रायटिस सिनेरिया ही राखाडी बुरशी लागते. फूल बाहेरून ठीक दिसते, पण आत कुजलेले असते. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. हीच बुरशी द्राक्षाचे घडही कुजवते, आणि घडाभोवतीची पाने विरळ करून हवा खेळती ठेवणे हे बागेतले नेहमीचे काम आहे. पण तोही वेल उघडा करत नाही. घड पोसायला पाने लागतात, हे त्याला पक्के ठाऊक असते.

गांजाच्या झाडालाही तोच हिशेब लागू पडतो. पिवळी, सुकलेली, रोगट पाने कधीही काढता येतात. एकमेकांवर चिकटून ओली राहणारी आणि फुलांच्या गर्दीत दडपलेली पाने काढण्यात अर्थ आहे. तळाच्या, उजेडच न मिळणाऱ्या बारीक फांद्या फुलोऱ्याच्या सुरुवातीलाच काढलेल्या बऱ्या. एका वेळी थोडीच पाने काढून झाड कसे राहते ते पाहावे. फुलाला चिकटलेल्या, राळेने चमकणाऱ्या छोट्या पानांना हात लावू नये. आणि खोलीत पंखा किंवा आर्द्रता कमी करणारे यंत्र नसेल, तर आधी ते आणावे. ओलाव्यावरचा इलाज कात्रीने करायला गेले तर किंमत पानांना मोजावी लागते.

भारतात काय?

इथे हा प्रश्न घरात येऊच शकत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजाची विनापरवाना लागवड गुन्हा आहे आणि त्यासाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. झाड एक असो की शंभर, बाल्कनीत असो की शेतात. गंमत अशी, की याच कायद्याने पान आणि फुलोरा यांत फरक केला आहे. ‘गांजा’ म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. पानांपासून होणारी भांग त्यामुळेच काही राज्यांत परवानाधारक दुकानांत मिळते, तर इतरत्र राज्यांचे स्वतंत्र निर्बंध आहेत.