देवीची तसबीर निळी का पडते?

तुळजापुरात एखाद्या जुन्या चहाच्या हॉटेलात उन्हाच्या तिरिपेत टांगलेली भवानीमातेची तसबीर बघा. साडीचा लाल विटलेला, हळदीचा पिवळा तर कधीच उडालेला. उरलेलं सगळं चित्र निळसर-करडं. आपण दोष मराठवाड्याच्या उन्हाला देतो. पण ऊन सगळ्याच रंगांना सारखं खात नाही.

ऑफसेट छपाईत मुळात चारच शाया असतात: सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी. सायनमध्ये तांब्याचं थॅलोसायनिन, काळीत काजळीचा कार्बन; दोन्ही उन्हाला भीक घालत नाहीत. नेहमीच्या पिवळ्या आणि मॅजेंटाचे रेणू मात्र नाजूक. प्रकाशाने, विशेषतः अतिनील किरणांनी, त्यांचे बंध तुटतात आणि बंध तुटला की रंगच संपतो. रंगाचा हा टिकाऊपणा ‘ब्लू वूल’ पट्टीवर १ ते ८ असा मोजतात. ८ म्हणजे सर्वांत चिवट. म्हणून दर्जेदार चित्रप्रतीची पहिली कसोटी शाई. विरघळणाऱ्या डायपेक्षा न विरघळणाऱ्या कणांची पिगमेंट शाई सहसा कितीतरी जास्त टिकते. वरच्या चकचकीत लॅमिनेशनला भुलू नये.

दुसरी कसोटी जुळणी, म्हणजे प्रेसमधल्या भाषेत रजिस्ट्रेशन. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तेव्हा प्रत्येक रंगाला वेगळा चुनखडीचा दगड लागे आणि तोच कागद पुन्हापुन्हा यंत्राखालून जाई. मधल्या वेळात हवेतली आर्द्रता बदलली की कागद फुगतो किंवा आकसतो, आणि तंतूंच्या आडव्या दिशेने जास्तच. केसभर फरक पडला तरी ओठांचा लाल ओठांबाहेर! भिंग घेऊन नथीच्या मोत्याची कड तपासा. कडेला रंगीत झालर दिसली, तर जुळणी चुकली. आणि भिंगाखाली ठिपक्यांची नेटकी फुलं दिसली, तर ती ऑफसेट प्रत. ‘जुनी, अस्सल रविवर्मा’ म्हणून कुणी विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा. दगडावरच्या छपाईतले दाणे हाताने उमटवलेले, म्हणून वेडेवाकडे असतात.

कागदाबद्दल लोक सहसा फक्त जाडी विचारतात. खरं विचारायचं ते घटक. स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन उरतं, तेच पुढे पिवळं पडतं. सुती धाग्यांचा, आम्लमुक्त कागद कित्येक दशकं टिकतो. डोळे दिपवणारा पांढराशुभ्र कागदही संशयास्पदच. त्यातली चमक आणणारी रसायनं झिजली की मूळचा पिवळसरपणा वर येतो.

एवढं सगळं पाहून घेतलेल्या चित्राची वाट अनेकदा फ्रेमवालाच लावतो. चित्र काचेला चिकटवतो, मग पावसाळ्यातल्या ओलाव्याने शाई काचेला धरते. दोन्हींमध्ये माउंटची फट हवी. मागे साधा पुठ्ठा ठोकला, तर त्यातलं आम्ल हळूहळू चित्रात शिरतं आणि तपकिरी डाग आधी पाठीमागे दिसायला लागतात.