पाच व्होल्टला थांबते, सव्वापाचला चिकटते

मोबाइल आडवा धरला की पडद्यावरचं चित्रही आडवं होतं. ते काम करणारा संवेदक म्हणजे सिलिकॉनमध्ये कोरलेलं, खरोखर हलणारं यंत्र. त्याचे भाग मायक्रॉनमध्ये मोजतात. चूक झाली तर कानस मारून दुरुस्त करण्याची सोय नाही. म्हणून ते आधी संगणकात चालवून बघतात.

सगळ्यात साधा नमुना घेऊ. 100 मायक्रॉन लांब-रुंद, 2 मायक्रॉन जाडीची सिलिकॉनची पट्टिका स्प्रिंगांवर तोललेली आहे. स्प्रिंगांचा एकूण ताठपणा मीटरला 1 न्यूटन. खाली 2 मायक्रॉनवर तेवढीच, पण पक्की बसवलेली पट्टिका. दोघींमध्ये व्होल्टेज लावलं की वरची खाली ओढली जाते: 3 व्होल्टला 0.11 मायक्रॉन, 4 ला 0.22, 5 ला 0.48. या शेवटच्या टप्प्यावर विजेची ओढ पट्टिकेच्या वजनाच्या सुमारे हजारपट असते. गुरुत्वाकर्षणाला इथे कोण विचारतो!

आणि सव्वापाच व्होल्टला? उत्तरच येत नाही. पट्टिका सरकली की फट घटते, फट घटली की ओढ वाढते, आणि पट्टिका आणखी सरकते. आकडे स्थिरावेपर्यंत संगणक हेच गणित फिरवत राहतो. इथे ते स्थिरावतच नाहीत. नवखा माणूस प्रोग्रॅमला दोष देतो. प्रोग्रॅम मात्र खरंच सांगत असतो: पट्टिका खाली आदळली आहे. एक-तृतीयांश फट ओलांडली की स्प्रिंग हरते, हे वेस्टिंगहाउस कंपनीच्या हार्वे नॅथन्सन आणि सहकाऱ्यांनी 1967 मध्येच मांडलं होतं.

मग 5 व्होल्ट तरी सुरक्षित? सावकाश चढवले तर. एकदम दिले आणि आत निर्वात असेल, तर वेगाच्या भरात पट्टिका पावणेपाचच्या जरा वरच कोसळते. फटीत हवा असली तर ती दाबली जाऊन वेग आवरते. म्हणून मॉडेलमध्ये हवेचंही समीकरण घालावं लागतं.

खरी डोकेदुखी कारखान्यातली. वाकणाऱ्या स्प्रिंगचा ताठपणा जाडीच्या घनावर ठरतो. थर 10 टक्क्यांनी पातळ निघाला, तर ताठपणा 27 टक्क्यांनी उतरतो आणि मर्यादा 5.2 वरून 4.4 व्होल्टवर येते. त्यामुळे एकच आदर्श यंत्र चालवून भागत नाही. जाडी, फट, ताण थोडे थोडे बदलून तेच यंत्र शेकडो वेळा संगणकात चालवावं लागतं.