घटना खऱ्या, जागा बदललेल्या

ऐतिहासिक नाटकाने कागदपत्रांशी किती इमान राखावं, या प्रश्नावर आपण गेल्या आठवड्यात थांबलो होतो. आज त्यासाठी एकच नाटक घेऊ: गिरीश कार्नाडांचं ‘तुघलक’. मूळ कन्नड, १९६४ सालचं. मराठीत आणलं विजय तेंडुलकरांनी. यात इतिहासाची मोडतोड आहे, असा आक्षेप जुनाच आहे. मोडतोड आहेच. पण ती कशी केली आहे हे पाहिलं, की कार्नाडांनी बखरकार किती बारकाईने वाचले होते ते कळतं.

शेख इमामुद्दीनचा प्रसंग घ्या. नाटकातला हा शेख सुलतानावर जाहीर टीका करतो आणि दिसतो मात्र हुबेहूब त्याच्यासारखा. महंमद तुघलक त्याला शाही पोशाख चढवून बंडखोर ऐन-उल-मुल्ककडे शांतिदूत म्हणून पाठवतो आणि शेख सुलतान समजून मारला जातो. हे नाटककाराच्या डोक्यातून निघालं असावं, असंच कुणालाही वाटेल. पण त्या काळचा प्रवासी इब्न बतूता याने असाच प्रसंग नोंदवला आहे. तिथे शेखाचं नाव इमादुद्दीन, बंड मुलतानच्या किश्लू खानाचं. सुलतानाने आपल्यासारख्या दिसणाऱ्या या शेखाला शाही छत्राखाली ठेवलं, शत्रू तिकडेच तुटून पडला. ऐन-उल-मुल्कचं बंड त्यानंतर दहाबारा वर्षांनी झालं. कार्नाडांनी दोन्ही बंडं एकत्र आणली आणि शेखाला टीकाकार केलं. बतूताकडे जो रणांगणावरचा डाव होता, तो नाटकात एका विरोधकाचा थंड डोक्याने केलेला खून झाला.

सावत्र आईचंही असंच. बतूता सांगतो, सुलतानाचा सावत्र भाऊ मसूद खान याच्या आईला व्यभिचाराच्या कबुलीवरून दगडांनी ठेचून मारलं गेलं. नाटकात तीच शिक्षा सावत्र आईला मिळते, पण कबुली असते वजीर नजीबच्या खुनाची. शिक्षा खरी, गुन्हा नवा.

मला सर्वांत मोलाची वाटते ती घियासुद्दीन अब्बासीची जागा. खलिफाच्या वंशातला हा माणूस खरोखरच हिंदुस्थानात आला होता. आपल्या मानेवर पाय ठेवा म्हणून सुलतानाने त्याच्यापुढे जमिनीवर लोळण घेतली, असं बतूता लिहितो. खलिफाची मान्यता येईपर्यंत जुम्म्याची नमाज थांबवल्याची नोंद दरबारी बखरकार बरनीकडेही आहे. कार्नाडांनी हे सगळं ठेवलं आणि एकच गोष्ट घातली: अझीझ नावाचा धोबी. तो खऱ्या घियासुद्दीनला मारून त्याचे कपडे चढवतो आणि सुलतान त्याच्या पायावर डोकं ठेवतो. अझीझ पूर्णपणे कल्पित आहे. पण ज्याला स्वतःच्या राजवटीवर धर्माची मोहोर हवी, त्याला ती एका भामट्याकडून घ्यावी लागते, हे दाखवायला दुसरा कोणता मार्ग होता? इतिहासातलं ते लोटांगण नुसतं विचित्र वाटतं. इथे ते पाहताना पोटात खड्डा पडतो.

काळाची ओढाताण तर सगळीकडे आहे. महंमदाची कारकीर्द १३२५ ते १३५१. नाटक १३२७ला सुरू होऊन पाचसहा वर्षांत आटोपतं. त्यात पहिल्यापासून दिसणारा बरनी प्रत्यक्षात १३३४च्या सुमारास दरबारात आला. त्याने मला काही बिघडलंसं वाटत नाही. सुलतानाजवळ एक सज्जन साक्षीदार लागतोच.

माझी तक्रार आहे ती राजधानी दिल्लीहून दौलताबादला, म्हणजे देवगिरीला, हलवतानाच्या स्थलांतराबद्दल, आणि तिथे कार्नाडांनी सूट घेतलेलीच नाही. संपूर्ण दिल्ली ओस पडली, हे बखरकारांचं म्हणणं त्यांनी जसंच्या तसं उचललं. बतूता दिल्लीत पोहोचला तो स्थलांतरानंतर काही वर्षांनी. त्याची माहिती ऐकीव. उलट दिल्लीजवळच्या सरबन गावी १३२८ सालचा संस्कृत शिलालेख सापडला आहे: एका व्यापारी कुटुंबाने विहीर बांधल्याचा. उजाड शहराच्या वेशीवर विहिरी कोण खोदतं? देवगिरीला आले ते मुख्यतः उमराव, उलेमा, अधिकारी आणि त्यांचे गोतावळे, असं अनेक इतिहासकार मानतात. त्यांचे हाल खोटे नव्हते. पण ‘तुघलक’ पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक अख्खी दिल्ली रिकामी झाल्याचं चित्रच इतिहास म्हणून घरी नेतो, आणि ते चित्र बखरकारांचं आहे.

बरनीने आपला ग्रंथ १३५७ साली पुरा केला, तोवर दरबारातून तो बाहेर फेकला गेला होता आणि हलाखीत जगत होता. त्या माणसाने आपल्या जुन्या धन्याबद्दल काय लिहिलं आणि का, ते पुढच्या आठवड्यात.