इंजिनाचा कनेक्टिंग रॉड : दुरुस्त करावा कीं नवा घालावा?

आपल्या वाशीम जिल्ह्यांत विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या तरी तेलाचें इंजिन अद्याप हद्दपार झालेलें नाहीं. पैनगंगेच्या व अडाणेच्या कांठीं जेथें विजेचा खांब पोंचलेला नाहीं, किंवा हरभऱ्याचे घाटे ऐन भरते वेळीं वीज दगा देते, तेथें एका सिलिंडरचें डिझेल इंजिनच पिकाची लाज राखतें. सोयाबीनच्या मळणींत ट्रॅक्टर तर गांवोगांव राबत असतो. असें इंजिन उघडलें म्हणजे मिस्त्री विचारतो, "भाऊ, कनेक्टिंग हाच ठेवूं कीं नवा आणूं?" आणि धनी बहुधा खिसा चांचपून उत्तर देतो. वास्तविक हें उत्तर आधीं रॉडाकडे पाहून द्यावयाचें असतें. तें कसें द्यावें, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

पिस्टन खालींवर जातो व क्रँक गोल फिरतो. या दोहोंस जोडणारा पोलादी दांडा तो कनेक्टिंग रॉड. त्याच्या वरच्या लहान तोंडांत बुश असून त्यांतून पिस्टनची पीन जाते. खालचें मोठें तोंड दोन भागांचें असतें. अर्धा भाग दांड्यास, अर्धा टोपीस, व दोन्ही बोल्टांनीं आवळलेले. आंत पातळ शेल बेअरिंग बसते.

या दांड्यावर काय गुदरतें तें आंकड्यांनीं पाहूं. पुण्याजवळ खडकी येथें १९४६ सालीं स्थापन झालेल्या किर्लोस्कर कारखान्याचें एव्ही-१ हें ५ अश्वशक्तीचें इंजिन आपल्याकडे परिचयाचें आहे. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनची धांव ११० मिलिमीटर व फेऱ्या मिनिटास १५००. ज्वलनाचे वेळीं दर चौरस सेंटिमीटरवर ६० किलोचा दाब धरिला, तर पिस्टनवर सुमारें ३००० किलोंचा भार येतो. एवढा भार धडधाकट रॉड सहज सोसतो, कारण तो दाबण्याचा भार आहे. खरी कसोटी ओढीची. धूर बाहेर टाकून पिस्टन माथ्यावर पोंचतो तेव्हां वरून दाब नसतो, आणि वेगांत निघालेल्या पिस्टनास मागें खेंचण्याचें काम रॉड व त्याचे दोन बोल्ट यांच्यावर पडतें. पिस्टन, रिंगा व पीन मिळून वजन १ किलो धरिलें, तर ही ओढ सुमारें १७० किलोंची होते. आणि आठ तासांच्या पाळींत ती ३,६०,००० वेळां बसते. आतां कोणी जास्त पाणी काढण्याच्या हौसेनें गव्हर्नरची स्प्रिंग ताणून फेऱ्या १८०० केल्या, तर फेऱ्या पांचव्या हिश्श्यानेंच वाढतात, परंतु ओढ २४५ किलोंपर्यंत जाते, म्हणजे जवळजवळ दीडपट. धातूलाही शीण येतो, व असा शिणलेला रॉड एके दिवशीं इंजिनाचें पोट फोडून बाहेर येतो. मग रॉडाची किंमत राहिली बाजूला. क्रँक, लायनर, ब्लॉक सर्वच जातें, आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या जिवासही धोका असतो.

तेव्हां पहिला प्रश्न असा कीं, रॉडाला झालें आहे तें काय? झीज कीं इजा? झिजलेला रॉड पुन्हा नव्यासारखा करतां येतो. इजा झालेला करूं नये. माझ्या मतें सारा निर्णय येथेंच होतो.

झीज तीन ठिकाणीं होते. लहान तोंडाचा बुश सैल होतो. तो बदलून पिनीच्या मापाला रीमर फिरविला कीं काम झालें. मात्र बुशाचें तेलाचें छिद्र रॉडाच्या छिद्रासमोर आलें पाहिजे. शेल बेअरिंग झिजते. ती नवी घालावी. आणि मोठें तोंड कालांतरानें लांबट होतें. तें गोल करण्याची शास्त्रशुद्ध रीत अशी : टोपीची व रॉडाची जोडणीची बाजू यंत्रावर किंचित घासतात, बोल्ट आवळतात, आणि मग तोंड आंतून होन करून मूळ मापावर आणतात. यानें रॉडाची लांबी केसभर कमी होते, म्हणून पिस्टन व हेड यांमधील अंतर शेवटीं मोजून घ्यावें.

पण पुष्कळ ठिकाणीं आवाज येऊं लागला कीं मिस्त्री कानशीनें टोपी घासून बोल्ट आवळून देतो. ही खोड जुन्या काळची आहे. संथ चालणाऱ्या लिस्टर धर्तीच्या ६५० फेऱ्यांच्या इंजिनांत पांढरा धातू ओतलेली बेअरिंग असे, व मधल्या पातळ शिमा काढून ती आवळीत. तेथें तें योग्य होतें. शेल बेअरिंगच्या इंजिनांत नुसती टोपी घासल्यास तोंड अंड्यासारखें होतें, तेलाचा थर तुटतो व बेअरिंग थोड्याच दिवसांत पकडते.

आतां इजा. बेअरिंग जळून मोठें तोंड निळें पडलें असेल, तर पोलादाचें पाणी उतरलें असें समजावें व तो रॉड भंगारांत टाकावा. पावसाळ्यांत नाल्याकांठचें इंजिन बुडालें व एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरांत गेलें, तर पाणी दबत नाहीं, रॉड वांकतो. वांक डोळ्यांस दिसेलच असें नाहीं; पिस्टन एका बाजूनें घासलेला असणें ही त्याची खूण. मापाच्या यंत्रावर १०० मिलिमीटर लांबींत ०.०५ मिलिमीटरहून जास्त वांक वा पीळ साधारणतः चालत नाहीं. कंपनीच्या पुस्तकांतील आंकडा मिळाल्यास तोच प्रमाण मानावा. वांकलेला रॉड दाबून सरळ करणारे आहेत, पण १५०० फेऱ्यांच्या इंजिनांत तसा घालूं नये. वेल्डिंगचें तर नांवच नको.

चिरेची परीक्षा घरींही होते. रॉड रात्रभर रॉकेलांत किंवा डिझेलांत बुडवून ठेवावा, कोरडा पुसावा, व खडूची पूड स्पिरिटांत कालवून पातळ लेप द्यावा. लेप सुकल्यावर चिरेंतून तेल पाझरून रेघ उमटते. रेल्वेच्या कारखान्यांतून पूर्वीं ही रीत वापरीत. याहून सूक्ष्म चिरा चुंबकीय तपासणींत कळतात. अकोल्यास वा अमरावतीस रॉड नेण्यापूर्वीं तेथें ती सोय आहे काय हें विचारून घ्यावें. आणखी एक : कोणती टोपी कोणत्या रॉडाची हें ओळखण्यासाठीं छिनीनें खुणा करण्याची चाल आहे. अशा आडव्या खुणेपासूनच चीर सुरू होते. रंगानें खूण करावी.

बोल्टांविषयीं वादच नाहीं. रॉड जुना ठेवा वा नवा घाला, बोल्ट नवेच घालावे व टॉर्क पान्यानें पुस्तकांतील मापाइतके आवळावे.

झिजेचाच रॉड असेल तर मग हिशेब करावा. एका सिलिंडरच्या चालू बनावटीच्या इंजिनाचा अस्सल रॉड बाजारांत मिळतो. होनिंग, बुश, व शहराच्या दोन खेपा यांचा खर्च त्याच्या निम्म्यावर गेला तर नवाच घ्यावा. बनावट बंद झालेल्या जुन्या इंजिनास मात्र मूळचा रॉड नीट करून घेणें शहाणपणाचें, कारण बिनछापाच्या नव्या रॉडापेक्षां तपासलेला जुना बरा. ट्रॅक्टरचे तीन-चार रॉड वजनानें जुळते असावे लागतात. एकच बदलावयाचा तर बाकीच्यांच्या वजनाचा मागावा. कांहीं नव्या इंजिनांत टोपी करवतीनें न कापतां मुद्दाम तडकावून वेगळी केलेली असते व तिची जोडणी खडबडीत दिसते. ती घासतां येत नाहीं. तेथें तोंड बिघडलें कीं सहसा नवा रॉडच घ्यावा लागतो. शर्यतीच्या मोटारींत टायटॅनियमचे रॉडही असतात. तेथें वेळ भरली कीं न तुटलेला रॉडही काढून टाकतात. आपणांस तसें परवडणार नाहीं.

मी महसुली दप्तरांत आयुष्य घालविलें, म्हणून ही एक सूचना : सातबारा जपतां तसा इंजिनाचाही कागद जपावा. किती तास चाललें, बेअरिंग कोणत्या मापाची, बोल्ट केव्हां बदलले, हें लिहिलेलें असल्यास पुढल्या वेळीं मिस्त्रीच्या अंदाजावर विसंबावें लागत नाहीं.

जोडणी झाल्यावर इंजिन आधीं हातानें फिरवून पाहावें, कोठें अडतां कामा नये. नंतर अर्धा तास बिनभारानें चालवावें. पहिलें तेल लवकर काढून पांढऱ्या फडक्यावर गाळावें. पितळी कण दिसले तर बुश पुन्हा उघडून पाहावा लागेल.